चांदणीचा मागचा डावा पाय

माणसांच्या दवाखान्यात रोगी बोलतो आणि सोबतचा माणूस मान डोलावतो. जनावरांच्या दवाखान्यात रोगी मान डोलावतो आणि सोबतचा माणूस बोलतो. आणि काय बोलतो! त्याला खोडून काढणारा साक्षीदार मुका असल्यामुळे तो अगदी मोकळेपणाने बोलतो. जनावरांच्या दवाखान्यातले किस्से कधी संपत नाहीत, ते याच कारणाने.

पेठ रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या भिंतीला भिंत लावून डॉ. वैजयंतीबाईंचा दवाखाना आहे. मी समोरच राहतो. आयुष्यभर शिलाईचे दुकान चालवले. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटले नाही. रोज दुपारी डॉक्टरांकडचे वर्तमानपत्र वाचावे आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांखाली पेन्सिलीने रेघा माराव्यात, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. मी शिक्षक नाही, तरीही सगळे मला गुरुजी म्हणतात. तेवढी एक चूक मी दुरुस्त करीत नाही. बाकी सगळ्या करतो.

एकदा नामपूरहून एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती. डॉक्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि विचारले, "दादा, तिला पोटात दुखतंय असं वाटतं का?"

पलीकडून गंभीर आवाज आला, "थांबा मॅडम, तिले इचारीसन सांगस!"

आणि तो खरोखरच विचारायला गेला!

*

वैजयंतीबाई गाई-म्हशींच्या डॉक्टर म्हणून सर्वमान्य होत्या. घोड्यांचे जग निराळे. ते पुरुषांचे, मिशांचे आणि चांदीच्या मुठीच्या चाबकांचे. त्या जगात त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा घोड्यांचे व्यापारी आबा यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले.

"मॅडम, घोड्याला भ्यायच्या नाही ना?"

"घोड्याला नाही, आबा. घोडेवाल्याला थोडी भिते!"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी तो शब्द मनात जपून ठेवला. आबांचे दोन विशेष सांगितले पाहिजेत. पहिला म्हणजे त्यांची पांढरी घोडी 'महाराणी'. आबा स्वतःच्या वडिलांचे नाव सांगायच्या आधी महाराणीच्या आजोबांचे नाव सांगतात. दुसरा म्हणजे त्यांच्या नेहरू शर्टाचे खिसे. मी शिंपी, माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या खिशांवर जाते. आबांचा उजवा खिसा कायम फुगलेला आणि खाली ओढलेला.

"आबा, शिवण उसवेल. एवढे काय भरता?"

"शुगरच्या गोळ्या हाये, गुरुजी. डॉक्टरनी सांगितलंय, कायम जवळ ठेवा!"

मी म्हटले, एवढ्या गोळ्या लागत असतील तर प्रकृती फारच नाजूक म्हणायची.

*

आता माझ्या हाती ध्वनिक्षेपक कसा आला, तो किस्सा. त्र्यंबक रस्त्यावरील मैदानात घोड्यांची सौंदर्यस्पर्धा भरली होती. चालीची, उंचीची, कानांची परीक्षा होते तिथे. मारवाडी घोड्यांचे कान एकमेकांना टेकले की पाहणारे माना डोलावतात! निवेदक तरुण होता, उत्साही होता आणि घाबरलेला होता. त्याने एका श्वासात जाहीर केले, "आता मान्यवर घोड्यांनी व्यासपीठावर यावे आणि प्रमुख पाहुण्यांनी रिंगमध्ये एक राउंड मारून दाखवावा!"

प्रमुख पाहुणे सज्जन होते. ते खरोखर उठले!

मी व्यासपीठावर जाऊन ध्वनिक्षेपक हाती घेतला, तो आजतागायत सोडलेला नाही. माझ्या निवेदनात रिंग नाही, रिंगण. जज नाही, परीक्षक. राउंड नाही, फेरी. सगळ्या घोड्या शेवटी एका रांगेत उभ्या राहतात आणि परीक्षक त्यांच्यासमोरून चालत जातात, तेव्हा आधीचे निवेदक "रेडी!" असे ओरडत. मी त्या जागी खणखणीत आवाजात म्हणतो, "सावधान!"

स अधिक अवधान, सावधान. म्हणजे लक्षपूर्वक उभे राहा. याहून अचूक शब्द कोणी सुचवून दाखवावा!

*

दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार बाळासाहेब यांनी चांदणी विकत घेतली. दुधासारखी पांढरी, गुलाबी नाकाची, चालताना पाय असे उचलायची की जणू जमिनीवर कोणी रांगोळी काढून ठेवली आहे. बाळासाहेबांची ही पहिलीच घोडी. ते स्वतः काळा गॉगल लावून तिला फिरवत.

घोडेवाल्यांच्या जगात एक अलिखित दंडक आहे. लग्न लागण्यापूर्वी नवरदेवाला पांढऱ्या घोडीवर बसवून मारुतीच्या देवळात नेतात आणि तिथून मांडवात आणतात. असा नवरदेव जिच्या पाठीवर बसला ती 'वरातीची' घोडी. तिने भाड्याने खुशाल पोट भरावे. परंतु स्पर्धेच्या रिंगणात तिला मान नाही. रिंगणातल्या घोडीची पाठ कोरी पाहिजे! म्हणून प्रत्येक मालक छातीवर हात ठेवून सांगतो, "आमची कोरी हाय." चांदणी विकणाऱ्याने तर दोन्ही हात ठेवले होते.

खरेदीच्या वेळी वैजयंतीबाईंनी चांदणीला तपासले. दात पाहिले, खूर दाबून पाहिले, पळवून श्वास ऐकला.

"मॅडम, पाय कसे हायेत?" बाळासाहेबांनी विचारले.

"माझ्यापेक्षा बरे!" असे म्हणून त्यांनी घोडी निर्दोष असल्याच्या दाखल्यावर सही केली.

त्या सहीवरून पुढचे सगळे रामायण घडले.

*

पहिली स्पर्धा. चांदणी नाचली, डौलाने चालली, मैदान जिंकले! पांढऱ्या घोड्या रांगेत उभ्या राहिल्या. मी गर्जलो, "सावधान!" परीक्षक चालत आले आणि चांदणीसमोर थांबले.

चांदणीने मागचा डावा पाय उचलून खुराचे नुसते टोक जमिनीला टेकवले होते. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. बाळासाहेबांनी लगाम ओढला. ती दोन पावले अशी नाखुशीने, अडखळत आली, की गर्दीतून आवाज आला, "लंगडी! लंगडी हाय!"

परीक्षकांनी तिला बाद केले. पहिला क्रमांक महाराणीला मिळाला.

मैदानाबाहेर पोहोचताच चांदणी चारही पायांवर टुणटुण नाचू लागली!

दुसऱ्या स्पर्धेत अगदी तसेच घडले. तोच पाय, तीच वेळ, तोच लोंबलेला ओठ. आणि बाहेर पडताच तोच नाच! आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाक्य टाकले, "मॅडमचा दाखला आन् घोडीचा पाय, दोन्ही हवेतच!"

सायंकाळी अश्वप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर तेच वाक्य फिरू लागले. मी आबांना त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका कळवल्या. त्यांनी मला अंगठा पाठवला.

*

मग सुरू झाली तर्कांची शर्यत! बाळासाहेबांच्या पत्नी सुमनवहिनी यांनी मिरच्या-मीठ ओवाळून दृष्ट काढली. ठसक्याने चांदणीऐवजी बाळासाहेबच लंगडत बाहेर आले, कारण पळताना त्यांचा पाय पाटाला अडखळला. कोणी म्हणाले, शत्रूने खिळा टोचला असेल. कोणी म्हणाले, खुराकात काहीतरी घातले असेल.

वैजयंतीबाईंनी चांदणी दवाखान्यात आणवली. दिवस लग्नाचे नव्हते. शेजारचे कार्यालय कुलूपबंद. पायाचा एक्स-रे काढला, प्रत्येक सांधा वाकवून पाहिला, कठीण जमिनीवर पळवली, मऊ मातीत पळवली. काहीही नाही!

"गुरुजी," त्या एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या, "दुखरा पाय घोडा असा ठेवतच नाही. ही तर आरामात उभी राहायची पद्धत आहे. दिवसभर काम करून तबेल्यात परतलेला घोडा असा उभा राहतो."

"म्हणजे चिंता नाही."

"चिंता हीच आहे! समोर परीक्षक, मागे डीजे, भोवती हजार माणसं... अशा ठिकाणी आराम कोण करतं?"

खरोखर! तो डीजे असा वाजतो की बाकीचे मालक आपल्या घोड्यांच्या कानांत कापसाचे बोळे घालून वरून गोंड्यांच्या टोप्या चढवतात. आबा तर महाराणीच्या कानात स्वतःच्या हाताने कापूस भरतात. "जनावर नाजूक हाय, बिथरतं," असे म्हणतात. बाळासाहेब नवखे. त्यांना कापसाची कल्पना नव्हती. आणि त्या गोंगाटात, उघड्या कानांनी, ही घोडी डुलकी काढत होती!

*

तिसऱ्या वेळीही तेच झाले आणि प्रकरण हाताबाहेर गेले. आयोजकांनी कळवले की पुढच्या स्पर्धेत वैजयंतीबाईंनी रिंगणाच्या पशुवैद्य म्हणून ठरल्याप्रमाणे यावे. परंतु चांदणी पुन्हा लंगडली, तर त्यानंतर त्यांचा दाखला स्वीकारला जाणार नाही. डॉक्टर पुण्याहून बोलावण्यात येईल.

घोडेवाल्यांचे फोन बंद झालेच होते. आता गोठेवालेही आडून बोलू लागले. पेठहून बैल घेऊन आलेला एक शेतकरी दारातच थबकला. "बाई, तुम्हांला फक्त घोड्याचा पाय कळत नाय, का बैलाचा बी?"

बाईंनी हसून बैल तपासला. तो गेल्यावर मात्र त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.

"गुरुजी, नऊ वर्षं झाली या दवाखान्याला. मी एकही खोटी सही केलेली नाही. आणि आता गटावर माझ्या सहीपुढे लोक लंगड्या घोडीचं चित्र टाकतात."

मी वर्तमानपत्र उघडले आणि एकाही चुकीखाली रेघ न मारता मिटले. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडते.

*

आणि मग तो दिवस उजाडला!

तुळशीचे लग्न होऊन गेले होते. शेजारच्या कार्यालयात मांडव सजला होता. बाळासाहेब शेवटची तपासणी म्हणून चांदणीला घेऊन आले. घोडी अंगणात कान टवकारून उभी. डॉक्टर तिच्या मागच्या पायाजवळ वाकलेल्या. मी बाकावर वर्तमानपत्र घेऊन.

भिंतीपलीकडे कर्ण्यावर मंगलाष्टके सुरू झाली. गाणारी बाई बेसूर होती, परंतु उच्चार स्वच्छ होते. पहिले कडवे संपले आणि कर्णा दणाणला, "शुभमंगल साऽवधाऽन!"

चांदणीने मागचा डावा पाय उचलला, खुराचे टोक टेकवले, मान सोडली आणि ओठ लोंबवला!

डॉक्टर तशाच वाकलेल्या राहिल्या. बाळासाहेबांच्या हातातला चहा कलंडला. चांदणीने सावकाश मान वळवली, डॉक्टरांच्या ॲप्रनच्या खिशात तोंड घातले आणि काहीतरी शोधू लागली. हाती लागला स्टेथोस्कोप. तिने तो चावून पाहिला आणि अत्यंत नाराजीने सोडून दिला.

"गूळ!" डॉक्टर ओरडल्या. "ही गूळ शोधतेय! बाळासाहेब, ही वरातीची घोडी आहे! मंगलाष्टकं सुरू झाली म्हणजे नवरदेव पाठीवरून उतरला, काम संपलं, पट्टा सैल झाला, गूळ मिळाला. हिच्या डोक्यात पक्कं बसलंय. सावधान म्हणजे सुट्टी!"

बोलता बोलता त्या थांबल्या. मग दोघेही एकदम माझ्याकडे वळले.

"गुरुजी," बाळासाहेब हळूच म्हणाले, "मायकवर तुम्ही काय वरडता हो?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ताठ बसलो. "शब्द अचूकच आहे!" मी म्हटले.

*

कोडे सुटले, पण पेच वाढला. मी शब्द बदलला असता तर चांदणी जिंकली असती. पण डॉक्टरांची सही तशीच संशयात राहिली असती. आणि खरे कारण सांगावे, तर चांदणी वरातीची ठरून रिंगणातून कायमची बाहेर!

डॉक्टर म्हणाल्या, "बाळासाहेब, घोडी तुमची. तुम्ही सांगाल तसं. गुरुजी 'सज्ज व्हा' म्हणतील आणि मी गप्प बसेन."

बाळासाहेबांनी गॉगल पुसला. बराच वेळ पुसला. निर्णय दिला तो मात्र सुमनवहिनींनी, फोनवरून. त्यांचा आवाज फोनशिवायही दिंडोरीहून ऐकू आला असता.

"अहो, घोडी लग्नालाच गेली होती ना? का जेलात गेली होती? त्यात लाजायचं काय! त्या पोरीची सही खोटी पडू देऊ नका, सांगून ठेवते!"

"ऐकलं ना?" बाळासाहेब म्हणाले. "गुरुजी, तुमचा शब्द बदलू नका. वरडा. लय जोरात वरडा!"

डॉक्टर चांदणीच्या कानाशी उभ्या होत्या. तिचा उघडा, गुलाबी, कापूस नसलेला कान त्या एकटक पाहत होत्या. मग त्यांना एकाएकी हसू फुटले. कारण विचारले तर म्हणाल्या, "स्पर्धेच्या दिवशी बघा!"

*

स्पर्धेच्या दिवशी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती! लंगड्या घोडीची कीर्ती पार सुरगाण्यापर्यंत गेली होती. तिथून माणसे जीप भरून आली होती. चांदणी अशी नाचली की मला निवेदनासाठी विशेषणे पुरेनात. पांढऱ्या घोड्या रांगेत उभ्या राहिल्या. एका टोकाला चांदणी, दुसऱ्या टोकाला महाराणी. आबा महाराणीच्या गळ्याशी, खिसा नेहमीप्रमाणे फुगलेला.

मी ध्वनिक्षेपक ओठांशी नेला, तोच वैजयंतीबाई रिंगणात आल्या.

"डीजे बंद करा. परीक्षणाआधी मला सगळ्या घोड्यांचे कान तपासायचे आहेत. टोप्या काढा, कापूस काढा."

"आत्ता?" आबा कडाडले. "पायाचं बघा मॅडम, पायाचं! कानात काय शोधता?"

"आबा, रिंगणाची डॉक्टर मी आहे. आजच्या दिवसापुरती का होईना."

परीक्षकांनी होकारार्थी मान हलवली. एकेका कानातून कापसाचे बोळे निघू लागले. महाराणीच्या कानातून तर एवढा कापूस निघाला की माझ्या दुकानात त्यातून एक उशी झाली असती. आबांनी तो मुठीत धरून ठेवला.

मैदान शांत झाले. डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, आता तुमचा शब्द."

मी टोपी सारखी केली. घसा साफ केला. आणि प्रत्येक अक्षर सुटे, शुद्ध उच्चारत, मैदानाच्या शेवटच्या खांबापर्यंत आवाज पोहोचवला.

"सावधान!"

चांदणीने मागचा डावा पाय उचलला, मान सोडली आणि ओठ लोंबवला.

"बघा! बघा!" आबा नाचू लागले. "लंगडी! चौथ्यांदा लंगडी! कुठं गेला दाखला? अहो, बघा की सगळे!"

परंतु त्यांच्याकडे कोणीच पाहत नव्हते.

चांदणीच्या शेजारच्या घोडीने मागचा पाय उचलला होता. तिच्या शेजारचीनेही. मग तिसरीने. लाटेसारखी रांगभर एकेक मान खाली गेली, एकेक ओठ लोंबला. छातीवर हात ठेवून शपथा घेणारे मालक लगाम ओढत होते, खाकरत होते, आभाळाकडे पाहत होते. सबंध रांग तीन पायांवर डुलक्या घेत होती!

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मॅडम... या सगळ्याच लंगड्या?"

"एकही नाही, साहेब," वैजयंतीबाई म्हणाल्या. "हवं तर प्रत्येकीचा दाखला देते. सही करून!"

उरली होती फक्त महाराणी. ती ताठ उभी होती. आबांनी तिचे दोन्ही कान हातांनी घट्ट झाकून धरले होते. हजार डोळे आपल्यावर खिळल्याचे जाणवताच त्यांनी हात हळूच खाली घेतले.

मी शब्द पुन्हा उच्चारला. सौम्यपणे, परंतु शुद्ध.

महाराणीने पाय उचलला. ओठ लोंबवला. मग मान वळवून आबांच्या त्या फुगलेल्या खिशात डोळ्यांपर्यंत तोंड घातले आणि मचमच आवाज करीत खाऊ लागली.

बाळासाहेबांनी गॉगल काढला.

"आबा," ते म्हणाले, "तिला बी शुगर हाय का हो?"